हवाकाकांचा जावई

पंक्चरवाले हवाकाका टायरवर नाचत. ट्रॅक्टरचा टायर रिमला घट्ट चिकटून बसला की ते त्यावर चढत, समोरून मुलगी वनिता चढे, दोघं एकमेकांचे खांदे धरत आणि उड्या मारायला लागत. तरी टायर सुटला नाही, तर गिऱ्हाइकाला हाक. "ताई, या वर! देवानं वजन उगाच दिलंय का?" आमच्या बचत गटाच्या ट्रॅक्टरसाठी मी जव्हारच्या नाक्यावर, बँकेत जायच्या साडीत, नाचलेली आहे. टायर सुटला तेव्हा तिघंही बदकन खाली बसलो, आणि काका हसून हसून आडवे झाले.

पंक्चर काढण्यापेक्षा ते होऊ कसं द्यायचं नाही, यावर बोलायला त्यांना जास्त आवडे. हवा सकाळीच बघायची. उन्हात तापलेला टायर फुगून खोटं बोलतो. ट्रॅक्टर सावलीत लावायचा. आणि आमच्या जामसर गावाकडचा ठरलेला घोटाळा असा: गुरं शिरू नयेत म्हणून शेताच्या तोंडाशी बोरी-करवंदीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, आणि ट्रॅक्टर आला की त्याच फांद्या पायानं जराशा सारून तिथूनच तो आत घालायचा. "गुरं शहाणी, ती थांबतात," काका म्हणत, "तुम्ही तेवढे आत जाता." मी गटात पहिला नियम केला: फांद्या उचला, वाट झाडा, मग ट्रॅक्टर.

वनिताला स्थळ आलं की काका मुलाकडे नंतर बघत, आधी त्याच्या गाडीच्या टायरांकडे. "चाकाला जपत नाय, तो पोरीला काय जपंल?" एवढ्यावर चांगली चांगली स्थळं परत गेली. वनिताला त्याचं दुःख नव्हतं, कारण तिच्या मनात मोखाड्याचा दिनेश होता. त्याच्या ट्रॅक्टरची हवा मोखाड्यात कधी कमी होत नसे. ती नेमकी काकांच्या दुकानासमोर कमी व्हायची. सगळ्या नाक्याला कळलं, मग काकांना कळलं. त्यांनी दिनेशचे टायर पाहिले. पार गुळगुळीत! "नाय," काका म्हणाले, आणि वनितानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

दिनेश नवे टायर घालून पुन्हा आला. काका हट्टाला पेटलेले. "टायर काय, बाजारात मिळतात. पंक्चर काढून दाखव." समोर आमच्याच ट्रॅक्टरचं पुढचं चाक खोललेलं होतं.

"काका, परीक्षा माझ्या चाकावर कशाला?" मी म्हटलं.

"ताई, गप बसा. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

दिनेशनं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे शोधले, कानशीनं घासलं, ठिगळ चिकटवलं. काम नीट झालं. ट्यूब टायरमध्ये घालणार, एवढ्यात आतून वनिता खोकली. तो थबकला. ती पुन्हा खोकली, चांगली जोरात. दिनेशनं ट्यूब खाली ठेवली, टायरच्या आतून हात फिरवला आणि "आई गं!" करून ओरडला. बोरीचा काटा आत तसाच रुतलेला होता. पहिल्याच फेरीत ट्यूब पुन्हा फाटली असती.

"काय गं, खोकला झाला?" काकांनी विचारलं.

"धुरानं, बाबा."

"धूर कुठाय?"

"मग सर्दीनं असेल."

काका दिनेशच्या रक्ताळलेल्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती खोकली नि हा थांबला. ऐकतो म्हंजे. चालंल." नाक्यावर अशा टाळ्या पडल्या की समोरच्या हॉटेलातली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

लग्न झालं. वनितानं मोखाड्याच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं, आणि काकांचं काहीतरी बिनसलं. "मोठं काम आता जमत नाय. मोखाड्याला न्या," असं ते ज्याला त्याला सांगू लागले. काकांच्या शेवटच्या पावसाळ्यानंतर मी गटाचं गवत कापायचं यंत्र घेऊन गेले, तर त्याच्या एवढ्याशा चाकासाठीही मला तिकडेच पिटाळलं. मी चिडून ट्रॅक्टर तिथंच दुकानासमोर सोडला आणि टेम्पो केला. वनितानं चाक पाण्यात फिरवून बघितलं आणि हसायला लागली. "ताई, ह्यात पंक्चरच नाही. बाबांनी हवा सोडलीय." मग मला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

परत आले ती भांडायच्या तयारीनं. काका दुकानाच्या पायरीवर माझी वाटच बघत होते.

"बारीक झालीय का?"

"चांगली सुटलीय."

"बोलली काय?"

"दिनेश ऐकतो म्हणाली."

काकांनी पंच्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग उठून आमच्या ट्रॅक्टरपाशी गेले, वाकून मागच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्याचं लक्षण काय बरं दिसत नाय."