शेंगाच्या टरफलांचं दुकान

आमच्या मालकाचं नाव मी घेत न्हाई, पण अख्खं राणीसावरगाव घेतंय. ईश्वरअप्पा. कपाळाला भस्म, अंगात पांढरी बंडी, अन् किराणा दुकानाच्या गादीवर इतकी वर्षं बसलेत की गादीला खड्डा पडलाय. त्या गादीवर मला कधी बसू दिलं न्हाई हां! मी आपली बाजूच्या पोत्यावर. लग्न होऊन आले तवापासून पोत्यावर. माणूस तसा लय चांगला, फक्त रुसवा वाईट. तान्ह्या लेकरानं लाजावं असा रुसवा.

परवाच्या सव्वीस जानेवारीला तर कहरच केला.

आमची लेक शिवानी परभणीला शेतकीचं शिकायलीय. सुट्टीला आली, अन् तिनं, मैतरीण निकितानं अन् शेजारच्या बारक्या आदिनाथनं मिळून शाळेच्या मैदानावर भला मोठा नकाशा काढायला घेतला. ‘वीस वर्षांनंतरचं आपलं गाव.’ विकतचा रंग न्हाई. हळद, राख, लाकडाचा भुसा, विटेचा चुरा. माझी हळदीची बरणी रिकामी केली कार्टीनं! पण काढलं लय झ्याक. ओढा वाहता, दोन्ही काठांनी करंज अन् कडूलिंब. घराघरावर सोलार. शिवारात ज्वारी, तूर, मधी शेततळी. पिलास्टिकचा तुकडा कुठं दिसायचा न्हाई.

झेंडावंदन झालं अन् लोक तुटून पडले. ज्यानं त्यानं आधी आपलं घर हुडकलं. सिताराम तर ओरडलाच, “माझ्या म्हशी घेतल्या का रे?” घेतल्या होत्या. आमचे मालकबी वाकून बघायलेत. मारुतीचं देऊळ सापडलं, पार सापडला, अन् पाराच्या शेजारी आमच्या जागेवर निस्तं लिंबाचं झाड.

“दुकान कुठं हाय?”

शिवानी खाली बघायलीय. आदिनाथ भोळं लेकरू, बोलून गेला, “अप्पा, त्या गावात पिलास्टिकच्या पुड्या बंद झाल्या ना. मग दुकान...”

झालं! मालक ताडताड दुकानात आले अन् आतून शटर धाडकन खाली. सणासुदीचा दिवस, अन् गिऱ्हाईक बाहेर तोंड बघत उभं!

“माझ्याच लेकीनं मला गावातून काढलं,” म्हणले. जेवायला बोलावलं तर म्हणतात, “जो पुढं न्हाईच, त्यानं आज तरी कशाला जेवायचं?” अगं बाई, हसावं का रडावं! शेंगाचं टोपलं पुढं ओढलं अन् कडाकड फोडत बसले. एक दाणा तोंडात टाकंनात. मी आधी पदराआड हसले. मग बघितलं तर बंद शटरकडंच नजर लावून बसलेत. तवा माझा जीव तुटला. ह्या माणसाला दुकानाशिवाय दुसरं हाय काय?

तेवढ्यात शिवानी आली अन् त्यांच्यासमोर फतकल मारून बसली.

“अप्पा, पुड्यांपायी न्हाई गाळलं दुकान.”

“मग?”

“तुमीच म्हणत आलात. ‘माझ्यामागं ह्या गादीवर कुणी बसायचं न्हाई, शिवानी शिकंल, नोकरीला जाईल, दुकानाला कुलूप.’ मी शाळेत असल्यापासून हेच ऐकलं. दुकानाच्या जागी ते झाड काढताना मलाच रडू आलं, निकिताला इचारा.”

खरंच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, तेबी मोठ्या ऐटीत. मालकाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“असतं तर कसं असतं गं ते दुकान?” आवाज पार बारीक झाला होता.

“सगळं सुटं. तेलाला बरणी आणायची, डाळीला पिशवी. आज्ज्याच्या वेळेला होतं तसंच. अन् डाळ आपल्याच शिवारातली.”

“चालवणार कोण?”

“मी हाय की.”

“एवढं शिकून दुकानात बसणार?”

“शिकतेय कशाला मग? अन् तुमी सोबत असाल तर बसते. एकटी न्हाई.”

मालक उठले. डोक्यावरची टोपी काढून तिच्यात टरफलं भरली अन् तशीच घेऊन मैदानावर निघाले. मागं शिवानी, मागं मी. लिंबाच्या झाडाला धक्का न लावता त्यांनी शेजारी टरफलांचा चौकोन मांडला. “झाड ऱ्हाऊ द्या,” म्हणले. “गिऱ्हाईकाला सावली होईल.” पोरांनी असल्या टाळ्या पिटल्या! आदिनाथ कान धरून उभा होता, त्याच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा बसला.

मला ऱ्हाववलं न्हाई. “अहो, सितारामाच्या म्हशींनाबी जागा मिळाली. मी कुठं हाय ह्यात?”

मालकानं माझ्याकडं बघितलं. टोपीच्या तळातून दोन टरफलं काढली. एक चौकोनात बरोबर मधी ठेवलं, दुसरं कडंला.

“ही मधली तू. गादीवर.”

“अन् तुमी?”

“पोत्यावर,” म्हणले, अन् लाजले की हो!

वीस वर्षं कोण थांबतंय? संध्याकाळी शटर उघडलं, दारातल्या पुड्यांच्या माळा मालक आपल्या हातानं उतरवायलेत तंवर मी सरळ जाऊन गादीवर बसले.