लॅबमध्ये भरलेला पटकथेचा फॉर्म

लॅबमध्ये किस्से फार साठतात. कारण अगदी साधं आहे. सॅम्पल एकदा मशीनला लावलं, की आलेख येईपर्यंत चाळीस मिनिटं वाट बघायची. वाट बघता बघता माणूस बोलतो. दिवसाला सात-आठ सॅम्पल धरली, तर आमच्या बोईसरच्या लॅबमध्ये किती बोलणं होत असेल, तुम्हीच बघा!

मी तिथे सात वर्षं क्यूसीत होते. क्यूसी म्हणजे औषधांच्या कच्च्या मालाची तपासणी. माहीमहून (आमच्या पालघरच्या माहीमहून, मुंबईच्या नव्हे!) रोज स्कूटीवर यायचे. लॅबमध्ये मी, आमचे हेड पाटकर सर, आणि काचेची भांडी धुणाऱ्या सुनंदाताई. त्या मनोरच्या पुढच्या एका पाड्यावरून कंपनीच्या बसने यायच्या. शिवाय प्लांटमधून सॅम्पल घेऊन येणारा ऑपरेटर दुबे. तो दिवसातून दहा वेळा यायचा, म्हणजे लॅबमधलाच धरा.

या सगळ्यांमध्ये राहून मी पटकथालेखनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर कोर्सला अर्ज केला. आदल्या वर्षीही केला होता, पहिल्याच फेरीत उडाले होते. आता एकतीस पूर्ण होत होती. हे एकदा करायचं, नाही झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. घरी माहीत नव्हतं. लॅबमध्येही कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

*

अर्जासोबत दहा पानांची पटकथा जोडायची होती. मी ती लॅबच्याच कॉम्प्युटरवर, मशीन चालू असताना टाईप केली. एकदा कागदावर वाचून बघावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत प्रिंट दिली. प्रिंटर अडकला. मी दोनदा बटण दाबलं, घाबरून सोडून दिलं आणि कॅन्टीनला गेले.

परत आले तर टेबलावर निरोप. सरांनी बोलावलंय.

सरांच्या पुढ्यात माझी दहा पानं, बॅच रिपोर्टच्या गठ्ठ्यावर. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: 'कंपनीची लॅब. दिवस. मॅनेजर (वय ५२) रागाने सॅम्पलची बाटली फेकतो.'

सर त्या वर्षी बावन्नचे होते!

"हा मॅनेजर मी नाही ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर. काल्पनिक आहे."

"मग ठीक." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण सॅम्पल फेकलं की डेव्हिएशनचा फॉर्म भरावा लागतो. याने कुठे भरलाय? दहा पानं झाली, याने अजून फॉर्मच भरलेला नाही!"

दहाही पानांवर लाल पेनाने दुरुस्त्या होत्या. प्रत्येक दुरुस्तीखाली सही आणि तारीख.

*

कळलंच आहे म्हटल्यावर मी सरांकडे शिफारसपत्र मागितलं. एक पत्र प्राध्यापकांचं लागत होतं, ते कॉलेजच्या मॅडमनी दिलं. दुसरं नोकरीच्या ठिकाणचं. संस्था थेट सरांना लिंक पाठवणार, सरांनी त्यावर पत्र टाकायचं. शेवटची वेळ संध्याकाळी पाच.

लिंक सरांच्या कंपनीच्या ईमेलवर आली. उघडली तर स्क्रीनवर पाटी: 'ही साईट मनोरंजन गटात मोडते. परवानगी नाही.'

साडेचार वाजले होते. लॅबमध्ये फोन न्यायला बंदी, ते गेटवर जमा. सर उठले. सात वर्षांत मी त्यांना कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. सिक्युरिटी केबिनच्या पत्र्याखाली उभं राहून त्यांनी आपला फोन घेतला, लिंक उघडली. ओटीपी आला. चष्मा लॅबमध्ये विसरलेला! मग मी आकडे वाचून दाखवले, वॉचमनने ते टाकले, आणि सरांनी पत्र एकेका बोटाने टाईप केलं. पत्र आधीच लिहून ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पाचला चार मिनिटं कमी असताना ते गेलं.

मला पत्र बघायची परवानगी नव्हती. पण वॉचमनला कोणी बंदी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन जमा करताना तो म्हणाला, "मॅडम, साहेबांनी चांगलं लिहिलंय हां. 'उमेदवार सात वर्षं माझ्या निरीक्षणाखाली आहे. एकही दोष आढळला नाही. जे आढळले ते मर्यादेत आहेत.'"

मी दोन रात्री त्या वाक्याचा अर्थ लावत होते.

*

अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला का लिहायचं आहे? पाचशे शब्द. त्याचे मी नऊ मसुदे केले. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

सुनंदाताईंनी ते बघितलं. "काय झालं गं? जेवत का नाय?"

मी त्यांना नववा मसुदा वाचून दाखवला. सुरुवात अशी: 'लहानपणापासूनच मला कथांची विलक्षण ओढ होती...'

त्या फ्लास्क विसळत ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे कोणाचं हाय?"

"माझंच."

"तुझं वाटत नाय."

मला राग आला. मी म्हटलं, मग माझं कसं असतं? त्या म्हणाल्या, "माझी सासू गेली तेव्हाचं मी तुला सांगितलं, आठवतं? ती मला म्हणाली, तुझ्या हातचं मीठ कधी बरोबर पडलंच नाय, पण मी खाल्लं. ते ऐकून तू हातातलं काम टाकलंस नि फिल्टर पेपरवर लिवून घेतलंस. मी रडत होते नि तू लिवत होतीस!"

लाज वाटली. त्यांनी फ्लास्क उलटा ठेवला, दुसरा घेतला. "मी काय रागावले नाय. पण तुला का लिवायचंय ते मला विचार, तुला नाय माहीत."

नऊही मसुदे पुसले आणि तेच लिहिलं. चारशे वीस शब्द झाले. त्यांच्या गेलेल्या सासूबाईंचं वाक्य मी त्यांना विचारून घातलं, एवढं मात्र केलं.

*

लेखी परीक्षा मुंबईत होती, रविवारी. हॉलबाहेर उभी होते. आजूबाजूला सगळी बावीस-तेवीसची मुलं. कोणाच्या दोन शॉर्ट फिल्म, कोणाची वेब सिरीजमध्ये असिस्टंटगिरी. मी पाण्याची बाटली घट्ट धरून उभी.

शेजारच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कुठे काम करता?"

"क्यूसीत."

"ओह! नवीन ओटीटी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "जुनंच आहे. पण फक्त तारापूर एमआयडीसीत दिसतं."

ती मान डोलावत म्हणाली, "हां, रिजनल!"

*

लेखीत पास झाले. इंटरव्ह्यू ऑनलाईन, मंगळवारी अकराला. घरून देता येईना, कारण घरी अजून माहीत नव्हतं. सरांनी ऑफिसच्या बाजूची ट्रेनिंग रूम दिली, तिथे स्वतःचा लॅपटॉप आणि डोंगल चालतो. दारावर त्यांनी स्वतः कागद चिकटवला: 'ऑडिट चालू आहे. आवाज करू नये.'

समोर तीन जण. मधल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, मी तोंड उघडलं, आणि सायरन!

बोईसरमध्ये सायरन म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मॉक ड्रिल असेल तर आधी सांगतात. त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवरच्या बाई विचारत होत्या, "काय आवाज आहे हा? तुम्ही ठीक आहात ना?" दाराच्या काचेतून सुनंदाताई दोन्ही हातांनी 'ये, ये' करत होत्या. दुबेने सरळ दार उघडलं. "मॅडम, मीटिंग बाद में! पहले बाहर!"

लॅपटॉप बंद करायचा की नाही? बंद केला तर इंटरव्ह्यू गेला. आणि खरंच कुठे गॅस सुटला असेल तर बसून काय लिहिणार होते मी! तसाच उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून मी बाहेर पळाले. असेंब्ली पॉइंटला सगळे रांगेत उभे. सर हजेरी घेत होते. माझं नाव आलं, मी ओरडले, "हजर!" लॅपटॉपमधून तिघेही दचकले.

दहा मिनिटांनी कळलं, ड्रिलच होतं. सेफ्टीवाल्यांना बघायचं होतं, न सांगता माणसं किती वेळात बाहेर येतात. मी रडायच्या बेतात होते. स्क्रीनकडे बघितलं, तर तिघेही अजून होते.

दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "आता तिथेच उभ्या राहा. तुमच्या मागे ही जी माणसं दिसतायत, त्यांच्यापैकी कोणाची गोष्ट तुम्हाला लिहावीशी वाटते?"



मागून दुबेने हात वर केला.

*

निकाल लागला. वेटिंग लिस्ट, पहिला नंबर.

आता घरी सांगणं भागच होतं. बाबांच्या तोंडी येतील असे अकरा आक्षेप मी कागदावर लिहून काढले होते, प्रत्येकाला उत्तर तयार. कायम नोकरी, वय, परगाव, लग्न, सगळं. बाबा वाडीत चिकू उतरवत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"वेटिंग म्हणजे रेल्वेचं असतं तसं?"

"हो."

"पुढं सरकतं कधीकधी," ते म्हणाले, आणि परत जाळीच्या झेल्याची काठी वर केली. अकराही उत्तरं माझ्याकडेच राहिली!

त्यानंतर मात्र तीन आठवडे रोज सकाळी विचारायचे, "सरकलं का?" मी तर झोपेतून उठून मेल बघायचे. चार किलो वजन उतरलं. आणि एका रविवारी शेजारच्या मालूकाकी सहा शहाळी घेऊन दारात. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "घाबरू नको हां. आईने सांगितलं मला. नंबर लागला की बाहेरगावी न्यायचं, वेटिंगमध्ये हाय. पण ऑपरेशन कशाचं हाय ते काय ती बोलली नाय."

आईने मालूकाकींची समजूत दुरुस्त केली. पण शहाळी ठेवून घेतली.

*

वरच्या यादीतल्या एकाने जागा सोडली. मेल मला जेवणाच्या सुट्टीत गेटवर दिसला. चार वाजेपर्यंत 'स्वीकारते' हे बटण दाबायचं, नाहीतर जागा पुढच्याला.

पाच मिनिटं कमी असताना मी ते दाबलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. माझा मात्र होता. वर्षभर जे मागत होते ते हातात आलं होतं, आणि मला ते दाबता येईना! साडेतीनला गेटपास घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले, फोन मांडीवर. घरी नको कोणी म्हणत नव्हतं. सरही नको म्हणत नव्हते. तरी अंगठा हलेना. स्क्रीन काळी व्हायची, मी परत उजळवायचे.

सुनंदाताईंची पाळी सुटली होती. बसला वेळ होता. त्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना मेल वाचून दाखवला. त्या 'दाब' म्हणाल्या नाहीत, 'नको'ही म्हणाल्या नाहीत. पिशवी पायाशी ठेवली आणि सांगू लागल्या.

"मी चौथी झाले तेव्हा गुरुजी आमच्या पाड्यावर आले. म्हणाले, हिला पुढं आश्रमशाळेत घाला. पहिल्यांदा आले तेव्हा आई-बा वीटभट्टीवर कामाला गेलेले, भेटले नाय. दुसऱ्यांदा आले, बा म्हणाला विचार करतो. तिसऱ्यांदा आले तर बा म्हणाला, न्या. आईनी माझे दोन कपडे बांधले पण."

"मग?"

"मी आंब्यावर चढून बसलेली. सगळे हाका मारत होते. मला वरून सगळं दिसत होतं, आईच्या हातातलं गाठोडं पण दिसत होतं. गुरुजी बरोब्बर माझ्या खाली येऊन उभे राहिले. वर नाय बघितलं त्यांनी. बाला म्हणाले, 'पोरगी फार हुशार हाय तुमची.'"

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ते मी ऐकलं," सुनंदाताई म्हणाल्या, "नि आणखी वर चढले."