ट्रेलच्या आधीचे पाच आठवडे

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. म्हणजे घरीच, आयर्लंडमधल्या कासलबारच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. त्या एवढंच म्हणाल्या, "अनघा, हे गेले गं." मी जे बोलायला हवं ते बोलले, निघतेच म्हणाले, गाडीची किल्ली शोधायला लागले. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं ते हे, की वहिनींना कळलंय का? दादांचा आजार मला त्यांच्या आधी पाच आठवडे माहीत होता, हे त्यांना कळलंय का?... लिहितानाही लाज वाटते. पण ज्या माणसानं मला सहा वर्षं आपल्या बहिणीसारखं वागवलं त्याच्या मृत्यूची बातमी मी अशी ऐकली. चोरी पकडली जाईल या भीतीनं.

माझा स्वभावच काळजीखोर. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचाच दिवसभर विचार करते, आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावरही तो थांबत नाही. आई म्हणते, हिच्या नवऱ्याला शिंक आली तर ही ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधेल. श्रीधरदादा याच्या अगदी उलट. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेले. "माझं काम लोकांना झोपवायचं, तुला मात्र मी झोपवू शकलो नाही," असं मला चिडवायचे. आम्ही पुण्याहून इथं आलो तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. सुपरमार्केटात मी कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तर मागून आवाज आला, "काय शोधून राहिली? ती अशीच मिळते इथं, मरगळलेली. घरी चल, आमच्या कुंडीतली देतो." तेव्हापासून ते दादा आणि त्या वहिनी.

आमच्या या भागात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, लाँग वीकेंडला, चित्रकार, कुंभार, विणकर अशी मंडळी आपापल्या घरातले स्टुडिओ लोकांसाठी उघडे ठेवतात. त्याला सगळे नुसतं 'ट्रेल' म्हणतात. हातात एक नकाशा, घरांना नंबर, वळणावळणावर पिवळे बाण. तळ्यांच्या कडेनं, मधोमध गवत उगवलेल्या अरुंद रस्त्यांवरून गाडी न्यायची आणि कोणाच्या गॅरेजात, कोणाच्या जुन्या गोठ्यात शिरायचं. पहिल्या वर्षी दादांनी मला ओढूनच नेलं. वहिनी काही येईनात. "लोकांच्या गोठ्यात जाऊन काय बघायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला तर प्रत्येक वळणावर वाटे, समोरून ट्रॅक्टर येणार आणि आपण दगडी भिंतीत जाणार. दादा शेजारी बसून डोंगरावरची ढगांची सावली दाखवायचे. मी म्हणायचे, "दादा, मी रस्ता बघते, सावली तुम्ही बघा."

नोरा नावाच्या विणकर बाईंकडे पोचलो तर दादांनी दारातच बूट काढले. जिथं कोणी हातानं काही घडवतं तिथं पायताण घालून जायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी आयर्लंडच्या ओल्या सिमेंटवरही सोडला नाही. नोरा म्हणत राहिल्या, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड, राहू द्या बूट," पण छे! त्यांचे मोजे चिंब झाले, तशाच मोज्यांनी आणखी पाच घरं झाली, आणि मी गाडीचा हीटर त्यांच्या पायांवर सोडून न्यूमोनियाच्या विचारात. पुढच्या वर्षी नोरांनी दाराशी लोकरीचे मोजे ठेवले होते, खास त्यांच्या मापाचे. अशी ओळख वाढत गेली. दादा स्वतः जलरंगांत चित्रं काढायचे, पण ते फक्त मला आणि नोरांना ठाऊक होतं. घरात वहिनींना वाटायचं, गॅरेजात जाऊन हे रेडिओ ऐकतात. आणि यंदा नोरा म्हणाल्या, तुमचंही घर नकाशावर घालू या. दादा इतके लाजले की जणू कोणी लग्नाचं विचारलंय. पण हो म्हणाले. नंबर मिळाला सतरा. तेव्हा कुठं वहिनींना कळलं, पण चित्रं काही दादांनी त्यांना दाखवली नाहीत.

यंदाच्या ट्रेलला पाच आठवडे होते. नोरांकडून पिवळे बाण घेऊन आम्ही परत येत होतो. तळ्याच्या कडेला गाडी बाजूला घ्यायला एक जागा आहे, तिथं दादा म्हणाले, "थांब जरा." मला वाटलं, ढग दाखवतायत. ते म्हणाले, "माझा रिपोर्ट आलाय. स्वादुपिंड. बरं व्हायचं नाही हे." मी काहीतरी बोलायला गेले, दुसरं मत घेऊ, डब्लिनला दाखवू... त्यांनी हात वर केला. "भूल देऊन देऊन म्हातारा झालो, मला काय सांगून राहिली? ऐक. शैलाला ट्रेल झाल्यावर सांगीन. तोवर तू बोलायचं नाही." मी म्हटलं, हे बरोबर नाही. तर म्हणाले, "आत्ता सांगितलं की घराचं हॉस्पिटल होईल. मुलगा डब्लिनच्या सिटीवेस्टहून बिऱ्हाड घेऊन येईल. अगं, तिनं जन्मभर माझ्या ड्यूट्या पाहिल्या. एकदा तरी तिला बघू दे, मी ड्यूटी नसताना काय करतो." मग त्यांनी खिशातून पेपरमिंट काढलं, एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. मी मान हलवली. का हलवली, देव जाणे.

ते पाच आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. फोन वाजला की वहिनींचा तर नाही ना, हे आधी बघायचे. वहिनींच्या घरी जाणं टाळावं तर संशय, जावं तर तोंडावर दिसणार. आणि वहिनी त्या दिवसांत कधी नव्हत्या इतक्या उत्साहात! लोक येणार म्हणून गॅरेजच्या खिडकीला पडदे शिवत होत्या, स्वयंपाकघरातली सगळी प्रेसं, म्हणजे इथली कपाटं, आवरून बश्या काढत होत्या. आणि एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला सरळ विचारलं, "हे धड जेवत नाहीत गं. बारीक झालेत. तुला काही बोललेत का?" दादा पलीकडच्या खोलीत होते. मी म्हटलं, "टेन्शन असेल हो ट्रेलचं. पहिल्यांदाच ना." किती सहज म्हटलं! जन्मात कधी इतकं सफाईनं खोटं बोलले नव्हते. वहिनी हसल्या, म्हणाल्या, "हो गं, लग्नाच्या दिवशीही जेवले नव्हते." मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ट्रेलच्या दिवशी जे झालं ते फक्त आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. इथली रीत अशी, की माणसं येतात, पाच-दहा मिनिटं चित्रं बघतात, पुढच्या घरी जातात. पण घरी आलेल्या माणसाला दारातून कसं परत पाठवायचं? वहिनींनी साबुदाणा वडे तळायला घेतले होते, नारळाच्या वड्या होत्या, चहा उकळत होता. जो येईल त्याला बैठकीच्या खोलीत बसवलं जाई. आमचं बघून सगळ्यांनी बूट काढले, दाराशी ही मोठी रांग. माणसं भली, बश्या हातात घेऊन तासतासभर बसली. आणि दादा? त्यांनी एकालाही गॅरेजात नेलं नाही! कोणी चित्रांचं विचारलं की म्हणत, "माझं काय, टाइमपास आहे," आणि भिंतीवरचं नोरांचं विणकाम दाखवून त्यांचं कौतुक सांगत बसत. आपलंच आपण काय दाखवायचं, हा आपला जन्माचा रोग. चार वाजले. पाचला बाण काढायचे होते. एकतीस चित्रं बाजूच्या गॅरेजात टांगलेली आणि ती बघितलेला माणूस शून्य. मी घामाघूम. या एका दिवसासाठी मी पाच आठवडे तोंड शिवून बसले होते, आणि तो दिवस वडे खाण्यात संपत होता. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन मी वहिनींवर जवळजवळ ओरडलेच, "अहो, चित्रं कोणी बघितलीच नाहीत! तुम्ही तरी बघितलीत का?"

वहिनींनी गॅस बंद केला. हात पदराला पुसले. बैठकीत जाऊन म्हणाल्या, "कम. ऑल. नाऊ यू सी हिज वर्क." आणि नऊ-दहा माणसं मोज्यांवर त्यांच्यामागून गॅरेजात गेली. तिथं इथलीच दलदल होती, तळी होती, वाळत घातलेल्या टर्फच्या उतरंडी होत्या. टर्फ म्हणजे चुलीत जाळायला कापलेली दलदलीची माती. शेजारचा शेतकरी मायकेल एका चित्रापुढे उभा राहिला आणि हलेना. मग हळूच म्हणाला, ही माझ्या वडलांची टर्फ कापायची जागा आहे, त्यांच्यामागे कोणी तिथं गेलंच नाही, हा माणूस कधी गेला? वहिनी एकेक चित्र बघत पुढे जात होत्या. शेवटच्या भिंतीपाशी त्या वळल्या आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाल्या, "अहो, एवढं सगळं तुम्ही केव्हा केलंत हो?" दादा दाराशी उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते. ते चित्रांकडे बघतच नव्हते, वहिनींकडे बघत होते. मला वाटलं, बरं झालं मी गप्प बसले. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, अनघा, तू या बाईला फसवते आहेस.

दोन दिवसांनी त्यांनी वहिनींना सांगितलं. नऊ आठवड्यांनी ते गेले. मधल्या काळात माझं नाव त्यांनी घेतलं की नाही, मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही. ते गेले त्या दिवशी इथल्या पद्धतीप्रमाणे अख्खं गाव सँडविचं घेऊन आलं, मायकेल गेटपाशी गाड्या लावून देत उभा राहिला, नोरा वहिनींचा हात धरून बसल्या. आणि मी? मी सिंकपाशी उभी राहून कप विसळत होते, कारण भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. त्यानंतर तीन आठवडे मी कामाची कारणं सांगत राहिले. मग वहिनींचा मेसेज आला, रविवारी चारला ये, गॅरेज आवरायचंय.

गेले. वहिनी खोक्यात ब्रश भरत होत्या. माझ्याच्यानं राहवलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, मला माहीत होतं. ट्रेलच्या आधीपासून. तुम्ही विचारलंत तेव्हाही." त्यांचा हात थांबला. म्हणजे दादांनी सांगितलं नव्हतं! माझं नाव त्यांनी कुठंच येऊ दिलं नव्हतं, आणि मी ते स्वतःच्या तोंडानं सांगून बसले होते. वहिनींनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तू..." आणि मग, "तू जा आता." मी गेले. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. दादा गेलेच होते, आता वहिनीही गेल्या असं धरून चालले.

पुढच्या रविवारी परत मेसेज. चारला ये. खोकं तसंच अर्धवट भरलेलं होतं. वहिनींनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसल्या. "कुठं सांगितलं यांनी तुला? नीट सांग. गाडीत? कोणत्या बाजूला बसले होते? अंगात काय होतं? रडले का?" मी बावरून म्हटलं, "वहिनी, कशाला आता..." तर त्यांचा आवाज चढला. "ते पाच आठवडे माझे होते, अनघा! तुझ्याकडे राहिलेत. सगळे दे मला." मग मी देऊ लागले. तळ्याकाठचा तो थांबा, निळा स्वेटर, पेपरमिंट. रडले नाहीत, हेही. तेव्हापासून दर रविवारी चारला मी जाते. गॅरेज काही आवरलं जात नाही. आम्ही दोघी बसतो आणि मी एकेक दिवस सांगते, काय म्हणाले, कुठं दमले, कशाला हसले. मी विसरले तर त्या थांबतात, आठव म्हणतात. राग गेलाय का, विचारायची सोय नाही. हा लेख लिहू का, हे मात्र विचारलं. म्हणाल्या, "लिही, पण रडका लिहू नकोस."

आणि मला माहीत होतं, असं करता करता पोळ्यांचा तो दिवस येणार. परवाच्या रविवारी आला. सुरुवात केली, "त्या संध्याकाळी तुम्ही पोळ्या लाटत होतात..." वहिनींनी मला थांबवलं. "हा दिवस मला ठाऊक आहे. हा मी सांगते, तू ऐक." खिडकीच्या पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तोवर महिनाभर माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. काहीतरी आहे, असं वाटायचं. मग तू म्हणालीस, ट्रेलचं टेन्शन असेल. तुझ्यासारखी भित्री मुलगी म्हणते म्हणजे खरंच काही नसणार, म्हटलं. त्या रात्री मी गाढ झोपले गं. हे शेजारी जागे असतील... आणि मी घोरत होते."

वहिनी उठल्या, चहाचे कप उचलले, दाराशी जाऊन थांबल्या. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी लवकर ये. पोळ्यांच्या त्या संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुझ्याकडे आले होते ना? कसे दिसत होते, ते सांग."