पुढची पट्टी की मागची दोरी

कानबाई देवीच्या मिरवणुकीत फुगडी घालताना कट्‌कन आवाज आला. मला वाटलं, समोरचीची बांगडी फुटली. पण फुटलं होतं ते माझ्याच गुडघ्यात! सूज उतरली, तरी वळायला गेलं की पाय दगा द्यायचा. सुरतेच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली दोरी तुटलीय, नवी घालावी लागेल. नवी म्हणजे बाजारातून नाही हो, माझ्याच पायातून काढून!

डॉक्टर स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून समजावू लागले. "बेन, दोन रीती आहेत. एक, वाटीखालच्या जाड पट्ट्यातली मधली पट्टी काढायची, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. हाडात हाड लवकर धरतं. दुसरी, मांडीच्या मागून दोन लांब दोऱ्या काढायच्या आणि दुमडून चारपदरी करायच्या."

चारपदरी म्हटल्यावर मी खुर्चीत पुढेच सरकले. घरात मागाचं सूत पाहत आलेली बाई मी!

"अवं, साडी निवडतेस का?" आमचे हे म्हणाले. "डॉक्टर म्हणतील ते कर."

"गुडघा तुमचा आहे का? मग बसा गप."

माझं काम साड्यांवर टिकल्या चिकटवायचं. साडी फरशीवर पसरायची. गोंद ओला असतो, म्हणून साडी ओढता येत नाही, आपणच गुडघ्यांवर पुढे सरकायचं. गुडघा टेकला नाही तर काम गेलं. हे मी सांगितलं मात्र, डॉक्टर उठलेच. "हे आधी सांगायचं ना, बेन! चला, बघूनच ठरवा."

शेजारच्या खोलीत ऑपरेशन झालेले लोक व्यायाम करत होते. पुढची पट्टी काढलेला एक रिक्षावाला होता. त्याने मला चालून, पायऱ्या चढून दाखवलं, अगदी झकास.

"दादा, गुडघा टेकवून दाखव की."

त्याने टेकवला आणि तोंड वाकडं केलं. "हे नको सांगू मावशी. टोचतं."

मग मागच्या दोऱ्या काढलेली कॉलेजची मुलगी. ती गादीवर दोन्ही गुडघे टेकून हसत बसली. "पण काकू, टाच मागे ओढताना जोर कमी पडतो अजून."

"मला टाचेनं काय करायचंय गं!" मी एवढ्या जोरात म्हणाले की सगळी खोली हसली.

डॉक्टरांनी बजावलं, सगळ्यांचं सारखंच होतं असं नाही, आणि ही दोरी धरायला वेळ घेते, घाई नको. म्हटलं, कबूल. मागचीच घाला.

ऑपरेशननंतर कित्येक महिने व्यायाम केला. डॉक्टर हो म्हणाले त्याच दुपारी फरशीवर साडी पसरली, देवाचं नाव घेतलं आणि गुडघा हळूच खाली नेला. टेकला! थोडा ताणला, पण टोचलं नाही. एक वीत पुढे सरकले, आणखी एक वीत. आमचे हे दारात उभे.

"अहो, बघताय काय? ती टिकल्यांची पुडी द्या इकडे!"