केसपेपरवरचा शुद्ध शाकाहारी

आईने माझ्या भावाला आपली किडनी दिली. पाचव्या महिन्यात त्याच्या डाव्या हातातून कप पडायला लागले. चौथा फुटल्यावर मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

नवी किडनी शरीराने परकी म्हणून नाकारू नये, यासाठी गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती. मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. अशा माणसाच्या अंगात कोणताही जंतू खुशाल बिऱ्हाड करतो, हे मला माहीत होतं. स्कॅनमध्ये मेंदूत तीन गोल कडी दिसली. क्षयाच्या गाठी, पू किंवा परजीवी, काहीही असू शकत होतं. कवटी उघडून तुकडा काढायचं ठरलं. त्याच्या तब्येतीत ते झेपेल याची हमी कोणीच देईना.

ऑपरेशनच्या सकाळी मी सवयीने केसपेपर वाचला. ‘शुद्ध शाकाहारी. घरात प्राणी नाही. मातीकाम नाही.’ मला वाटलं, दुसऱ्याच पेशंटचा कागद आला.

“हे कोणी सांगितलं?”

“मीच,” आई म्हणाली. “डाक्टर गुजराती. त्यांच्यासमोर मासळीचा नाव काढू?”

“आणि मांजर?”

“मांजर सांगितला काय मासळी इलीच मां!”

“माती?”

“माती सांगितली काय मांजर इलाच!”

यात तिचं काहीच चुकत नव्हतं. मासळीच्या वासाने आलेलं मांजर आमच्याकडेच राहिलं होतं. ते तुळशीच्या कुंडीत घाण करायचं आणि भाऊ नुसत्या हाताने माती उकरून कुंडी साफ करायचा. शिवाय नाक्यावरची कलेजी धड शिजायच्या आत तव्यावरून उचलून खायचा. मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून एक परजीवी माणसात येतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. भावासारख्याच्या मात्र तो मेंदूत जातो.

डॉक्टरांना मी जिन्यातच गाठलं. मासळी, मांजर, कुंडी, कलेजी, सगळं एका दमात सांगितलं.

“बेन, मी तीनदा विचारलं होतं!”

“आई तुमच्या सोवळ्याला जपत होती.”

डॉक्टरांनी मागेपुढे पाहिलं. “मी तर ऑम्लेट खातो,” ते हळूच म्हणाले. “माझ्या घरी बोलू नका.”

ऑपरेशन पुढे ढकललं. रक्ताच्या तपासणीत परजीवीच्या खुणा सापडल्या, पण तशा त्या चांगल्या माणसांतही सापडतात. म्हणून औषध सुरू करून दोन आठवडे वाट पाहायची ठरली. हात सुधारला तर निदान बरोबर, नाहीतर कवटी आहेच. भाऊ रोज डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला बसायचा आणि मला शिव्या घालायचा. अकराव्या दिवशी त्याने सगळी लावली, एक घर चुकवून. दुसऱ्या स्कॅनमध्ये कडी आकसली होती.

पण त्या सकाळी ऑपरेशन पुढे ढकलल्याचा निरोप पोचेपर्यंत न्हाव्याने त्याचं अर्धं डोकं भादरलं होतं. उरलेलं भावाने स्वतःच करून घेतलं. त्यामुळे घरी आला तो गोटा करून. आई इतके दिवस हॉस्पिटलात त्याच्याजवळच राहिलेली, चाळीत कोणाला दिसली नव्हती; परतली तीही मागून, दुपारच्या सामसुमीत. चाळीने काय समजायचं ते समजून घेतलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या तिघी डोळे पुसत वर आल्या.

दार आईनेच उघडलं.

“काय गो,” ती घाबरून म्हणाली, “कोण गेला?”