पहिला मासा पावणा

माझं मंचरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कोपऱ्यात जळक्या मोटरी साचतात, तसे माझ्याकडं आमच्या मासेमारीचे किस्से साचलेत. मोटरी निदान दुरुस्त होऊन घरी तरी जातात राव, किस्से कुठं जातात! उलट दर वर्षी त्यांच्यातल्या माशाचं वजन किलोभर वाढतं.

आम्ही चौघं, एका वर्गातले. मी. पोपट, अवसरी बुद्रुकचा, बटाटा लावतो. ज्ञानू, पारगावला साखर कारखान्यात फिटर. आणि शेठ, मंचरातला किराणावाला. जैन माणूस. मासा खात नाही, मारत नाही, हात लावत नाही. मग येतो कशाला? एकदा विचारलं, तर म्हणाला, "तुमी तिघं गेल्यावर मंचरात मी बोलू कुणाशी?" विषय संपला. शिवाय गाडी त्याची!

होळी झाली, उसाचं गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, ज्ञानू मोकळा झाला, की एक रविवार धरायचा आणि डिंभे धरणाच्या बॅकवॉटरला सुटायचं. आदल्या रात्री मला झोप येत नाही. वय पंचेचाळीस, लाज वाटायला पाहिजे, पण नाही येत!

*

पहिल्या वर्षी पोपटनं गांडुळांचा डबा सीटखाली ठेवला. घोडेगाव यायच्या आत डबा उलटला. शेठनं गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं, आणि किराण्याच्या बिलाच्या कागदावर एकेक गांडूळ उचलून शेजारच्या उसात नेऊन सोडलं. तासभर! आम्ही रस्त्यावर उभे.

पोपट चिडून म्हणाला, "एकवीस व्हती माझी! मोजून आणली व्हती!"

शेठचा चेहरा उतरला. "मला वीसच घावली. एक गाडीतच हाय. हळू बसा रे."

पुढं डिंभ्यापर्यंत आम्ही अर्धे उभे गेलो.

*

आता गळाला लावायचं काय? पोपटनं शेठच्या डब्यातला मेथीचा थेपला गुपचूप पळवला, मळून गोळ्या केल्या. दहाव्या मिनिटाला माझ्या गळाला रोहू! अडीच किलोचा असेल. बरं, दोनचा.

शेठ लांब उंबराखाली बसलेला. आरडाओरडा ऐकून बघायला आला आणि माशाच्या तोंडाला लागलेली मेथी त्यानं ओळखली.

"आईनं पहाटे उठून केलेत रे थेपले! आमच्या घरचं खाल्लं त्यानं. पावणा झाला आता. पावण्याला कापत्यात व्हय?"

गळ काढला, मासा सोडला. आणि तेव्हापासून नियमच झाला, ट्रिपचा पहिला मासा पावणा, तो पाण्यात परत. दुसऱ्यापासून आपले. दिवसात दुसरा लागेलच असं नसतं, हे नियम करताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

*

ज्ञानूला मशिनीचं वेड. एका वर्षी त्यानं ऑनलाइन मासे शोधायचं यंत्र मागवलं. पाण्यात चेंडू टाकायचा, मोबाईलवर मासा दिसतो म्हणे. टाकला. बीप बीप बीप! स्क्रीनवर ही एवढी काळी आकृती.

"व्हेल हाये व्हेल!" ज्ञानू नाचायला लागला.

पोपटनं तिथं गळ टाकला. दोन तास. आकृती हलेना आणि पोपटही हलेना. शेवटी म्हसरं घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले.

"काय बघताय पावणं?"

"बाबा, लई मोठा मासा हाये, जागचा हलत नाय!"

बाबांनी मोबाईलमध्ये डोकावलं, मग समोरच्या डोंगराकडं बघून अंदाज घेतला. "नाय हलायचा. आमचा गोठा हाये त्यो. धरणात गेला. दावणीला काय बांधलेलं दिसतंय का बगा."

ज्ञानूनं यंत्र बंद केलं. शेठनं बाबांना बसवून थेपले दिले. बाबांनी गोठ्यातल्या सगळ्या बैलांची नावं सांगितली आणि मग ते म्हसरांमागं गेले.

*

आता पोपटचं खरं दुखणं. सात वर्षांत त्याच्या गळाला एक मासा लागला नाही! चिलापीसुद्धा नाही, जी पोरं चड्डीच्या नाडीला गळ बांधून धरतात. आणि त्याची बायको सुनंदावहिनी माहेरची नदीकाठची. "माझे भाऊ हातानं मरळ धरत्यात. ह्यांना काठी, रीळ, गॉगल, सगळं लागतं, फकस्त मासा लागत नाय!"

चौथ्या वर्षी पोपटनं येताना मंचरच्या बाजारात मासा घेतला आणि त्याला पाटाच्या पाण्यात बुचकळून घरी नेला. वहिनींनी मासा बघितला, नवऱ्याकडं बघितलं. माझ्याकडं आणि ज्ञानूकडं तर बघितलंच नाही, आमची लायकी त्यांना माहीत. सरळ दारातल्या शेठकडं वळल्या.

"शेठभावजी, तुमी सांगा. कुठला मासा?"

शेठ खोटं बोलत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला "डाळ जुनी हाये, उद्या या" म्हणून परत पाठवणारा माणूस. पोपट मागून हात जोडतोय, डोळे मिचकावतोय. शेठला घाम फुटला.

"वहिनी, बाजारातला," तो म्हणाला. "पण ताजा हाये, आसं मासेवाला म्हणत व्हता."

पोपटनं आठ दिवस शेठचा फोन घेतला नाही.

*

यंदा निघताना वहिनी दारात उभ्या. "ह्या वेळी हातचा मासा आला नाय, तर ती काठी मी कपडे वाळत घालायला घेणार. मग कुठं जायचं नाव काढायचं नाय!"

आम्ही हसलो. पोपट हसला नाही. गाडीत हळूच म्हणाला, "वर्षातनं माझा हा एकच दिवस असतो राव."

दिवसभर कुणालाच काही नाही. ऊन कलायला लागलं. आणि पोपटची काठी वाकली! वाकली म्हणजे कशी, टोक पाण्यात!

"धरा रे! आरं धरा मला!"

मी पळत जाऊन त्याची कंबर धरली. पाणी खाली गेलेलं, काठाला गुडघाभर गाळ, दोघंही रुतलो. माझा मोबाईल खिशातून गाळात गेला, जाऊ दे म्हटलं! ज्ञानू काठावरून शूटिंग करत ओरडतोय, "ओढ! ढील दे! ओढ!" अर्धा तास. मग पाणी फुटलं आणि कटला दिसला. आईशप्पथ सांगतो, माझ्या मांडीएवढा! पण गळाची दोरी, तंगूस, एका बुडालेल्या खोडाला गुंतली. मासा उथळ चिखलात आपटायला लागला. आम्हाला पाय उचलता येईना.

तेवढ्यात शेजारनं पांढरं काहीतरी धावत गेलं. शेठ! इस्त्रीच्या शर्टात!

"गुदमरतोय रे त्यो!" म्हणत त्यानं मासा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला. लेकराला घेतात तसा. "पोपट, गळ काढ! लवकर!"

पोपट कसाबसा पोचला, गळ काढला. शेठच्या हातात पोपटचा मासा. दिवसातला पहिला.

नियमाचं कुणी बोललं नाही. शेठच म्हणाला, "घे. तुझा हाये. वहिनी वाट बघत्यात."

पोपटचे डोळे भरले. त्यानं माशाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"पयला हाये ना," तो म्हणाला. "पावणा हाये. सोड."

*

घरी वहिनींनी मसाला वाटून ठेवलेला. "कुठाय?"

"सोडला," पोपट म्हणाला.

"सात वर्षं निसटत व्हता, आज सोडला!"

ज्ञानूनं ऐटीत व्हिडिओ लावला. कॅमेरा पुढचा चालू राहिलेला. अर्धा तास ज्ञानूचंच तोंड, "ओढ! ढील दे! ओढ!" वहिनींनी मोबाईल परत दिला, पोपटच्या हातातली काठी घेतली आणि अंगणाकडं निघाल्या. पोपट मान खाली घालून उभा. मला तर बघवेना.

"वहिनी," शेठ म्हणाला. त्यानं हात पसरून दाखवला. "एवढा व्हता. पोपटनंच धरला. मी कडेवर घेतला व्हता."

"तुमी? मासा?"

शेठ दोन पावलं पुढं आला आणि त्यानं चिखलानं भरलेली बाही पुढं केली. "वास घ्या."

वहिनींनी वास घेतला. मग नवऱ्याकडं बघितलं, चांगलं टक लावून. मग परत शेठकडं.

"घरी आई काय म्हणतील, शेठभावजी? काढा तो शर्ट. ह्यांचा घाला."

त्यांनी तो शर्ट दोनदा साबण लावून धुतला, पिळला, अंगणात दोन खुंट्यांवर पोपटची काठी आडवी ठेवली आणि तिच्यावर वाळत घातला.

"अहो," त्या पोपटला म्हणाल्या, "शर्ट वाळला की काठी जाग्यावर ठेवा. नायतर पुढल्या होळीला सापडायची नाय."