नखांतला रंग उतरेपर्यंत

विजयनगरात पाण्याच्या टाकीजवळ माझ्या काकांचं, तुकोजीरावांचं, रंगाऱ्याचं दुकान आहे. अस्तरं, ओढण्या, परकर साडीला जुळवून रंगवून मिळतात. मधली पाच वर्षं काका आमदार होते. पुढची निवडणूक हरले आणि चौथ्या दिवशी रंगाचं पातेलं पुन्हा चुलीवर चढलं.

त्यांच्या वडिलांचा एक नियम होता. गडद रंगात काम केलेल्या हातांनी, नखांतला रंग उतरेपर्यंत, पांढऱ्या कापडाला शिवायचं नाही. नुसते धुतलेले हात चालत नसत. बेंगळुरूला विधानसभेत काकांनी तोच नियम खासगी विधेयक म्हणून मांडला: आमदारकी संपल्यावर तीन वर्षं कुणी कंपन्यांची कामं घेऊन मंत्र्यांकडे जायचं नाही. मांडतानाच हशा पिकला; चर्चेला ते आलंच नाही. घरी येऊन काका म्हणाले, "त्यांनी कायदा नाही केला, मी पाळतो."

हरल्यावर आठेक महिन्यांनी तंबाखू खरेदी करणाऱ्या एका कंपनीचा देवेश नावाचा अधिकारी दुकानात आला. मूळचा पुण्याचा.

"साहेब, हुणसूर-पिरियापट्टणच्या तंबाखू शेतकऱ्यांत तुम्हाला मान आहे, बेंगळुरूला सगळी ऑफिसं तुम्हाला ओळखतात. आमचे सल्लागार व्हा. गाडी देतो. अधूनमधून दोन शब्द टाकायचे, बस्स."

"तीन वर्षं होऊ द्या. मग या."

"पण तसा कायदा कुठे आहे?"

"नाही ना. म्हणून तर मला पाळावा लागतो."

तो गेल्यावर गंगाकाकू आतून आली. "अय्यो, दारात आलेली गाडी परत पाठवली की हो! आणि मी पातेली घासत बसू?"

"साकु, पुरे ग," काका अर्ध्या कानडीत म्हणाले. "गाडीत पातेली मावली नसती."

काकू तणतणली खरी, पण दुकानातल्या कॅलेंडरवर तिनेच महिने खोडायला घेतले. शेजारणींनी विचारलं की सांगायची, "आमच्यात अजून दोन वर्षं आहेत." एखादं व्रत सांगावं तशी.

यंदा ती तारीख आली. काकूने सकाळीच दुकान झाडून खुर्ची मांडली. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले. दुपारपर्यंत दोन ओढण्या आल्या, एक पांढरा परकर आला. देवेश आला नाही. शेवटी न राहवून काकूनेच त्याला फोन लावला, स्पीकरवर.

देवेश अदबीने बोलला. "काकू, आता बेंगळुरूचे अधिकारी बदलले, मंत्री बदलले. साहेबांना तिथं कोण ओळखणार?"

फोन बंद झाला. काकूने काळजीने काकांकडे पाहिलं. काका हसत होते. निवडून आले त्या दिवशीही ते इतके मोकळेपणी हसले नव्हते.

"गंगे, बरोबर होतं बघ माझं विधेयक! तीन वर्षं पुरतात रंग उतरायला."

काकूने पदराने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच. तो पांढरा परकर तिने त्यांच्या हातात ठेवला.

"मोठे आले. आता सदरा बदला, संध्याकाळपर्यंत हा लिंबू रंगात हवाय."